राखेचा सल्ला देण्यापूर्वी मातीचा सामू पाहावा

परसबागेचे प्रशिक्षण असो, बचत गटाची बैठक असो की गावातील कृषी मेळावा, एक वाक्य हमखास ऐकू येते: चुलीतील राख उकिरड्यावर टाकू नका, भाजीपाल्याला घाला. सल्ला देणाऱ्याला तो देताना कधी अडखळावे लागत नाही आणि ऐकणाऱ्यालाही त्यात शंका घेण्यासारखे काही दिसत नाही. राख फुकट मिळते, घरात रोज तयार होते, पूर्वापार वापरात आहे आणि 'रासायनिक' या शब्दाने आज जी धास्ती निर्माण होते तिचा राखेला स्पर्शही नाही. खताच्या गोणीबद्दल शेतकरी निदान मात्रा तरी विचारतो. राखेची मात्रा कोणी विचारत नाही आणि सांगणाराही ती सांगत नाही.

हाच सल्ला देशाच्या काही भागांत अत्यंत मोलाचा आहे आणि काही भागांत उघडपणे नुकसानकारक आहे. फरक राखेत फारसा नसतो, तो मातीत असतो. मेघालयातील डोंगरउतारावरच्या वाफ्याला जी राख जीवदान देते, तीच मराठवाड्यातील चुनखडीयुक्त काळ्या जमिनीवरच्या वाफ्यात वर्षानुवर्षे पडत राहिली तर पाने पिवळी पाडते. विस्तार साहित्यातून मात्र दोन्हीकडे एकच ओळ छापली जाते. ही ओळ बदलण्याची वेळ आली आहे.

राखेत नेमके काय असते, हे आधी स्पष्ट असायला हवे. लाकूड जळते तेव्हा त्यातील कर्ब आणि जवळजवळ सगळे नत्र वायुरूपाने निघून जाते, गंधकाचाही मोठा भाग जातो. उरतात ती खनिजे. त्यांत सर्वाधिक वाटा कॅल्शियमचा असतो, त्यानंतर पालाश, मॅग्नेशियम, थोडे स्फुरद आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये. चांगल्या लाकडाच्या कोरड्या राखेत साधारण ३ ते ७ टक्के पालाश आणि १ ते २ टक्के स्फुरद आढळते. कॅल्शियम व पालाश हे प्रामुख्याने ऑक्साइड, हायड्रॉक्साइड आणि कार्बोनेटच्या रूपात असतात. त्यामुळे ताज्या राखेचा सामू १० च्या पुढे, काही वेळा १२ पर्यंतही जातो. आम्ल मारण्याची शक्ती मोजली तर सामान्य लाकडाची राख चुनखडीच्या भुकटीच्या पाव ते निम्म्या ताकदीची भरते. म्हणजेच राख हे नावाला खत असले तरी गुणाने ते आधी चुना आहे आणि मग पालाशयुक्त खत. हा क्रम सल्ल्यात उलटा झाला आहे. 'राखेत पालाश असते' एवढेच सांगितले जाते, 'राखेत चुना असतो' हे गाळले जाते.

लोकव्यवहाराला ही गोष्ट शास्त्राच्या फार आधी ठाऊक होती. खरकटी, तेलकट भांडी राखेने घासली जात ती तिच्यातील अल्कधर्मी क्षारांमुळे तेलाचा ओशटपणा सुटतो म्हणून. आसाममध्ये केळीच्या साली वाळवून जाळतात आणि त्या राखेतून गाळलेले पाणी 'कोलाखार' म्हणून स्वयंपाकात वापरतात. 'अल्कली' हा शब्दच वनस्पतींच्या राखेसाठी असलेल्या अरबी शब्दावरून आला आहे. राखेचे पाणी भांड्यात आटवून मिळणारा क्षार म्हणून युरोपात 'पॉट-अॅश' हे नाव रूढ झाले आणि १८०७ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी त्यापासूनच पोटॅशियम हे मूलद्रव्य वेगळे केले. राखेची ओळख क्षार म्हणून इतकी जुनी असताना कृषी पुस्तिकेत ती केवळ 'सेंद्रिय खत' कशी झाली, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. वास्तविक राखेत सेंद्रिय असे काही उरलेलेच नसते.

त्याचे एक कारण सल्ल्याच्या प्रवासात सापडते. घरातील शेकोटीची राख बागेत वापरावी, हे इंग्रजी बागकामाच्या साहित्यातील जुने सूत्र आहे. इंग्लंड, उत्तर युरोप किंवा अमेरिकेचा ईशान्य भाग येथे पाऊस भरपूर, बाष्पीभवन कमी, त्यामुळे अनेक ठिकाणी मातीतील कॅल्शियम झिरपून जाते आणि माती आम्लधर्मी होत राहते. तेथे बागेला अधूनमधून चुना द्यावाच लागतो, राख त्याचीच बचत करते. ते साहित्य पुढे भाषांतरित झाले, चित्रफितींतून फिरले आणि दख्खनच्या पठारावरच्या घरापर्यंत पोहोचले. त्यामागची माती मात्र तिथेच राहिली.

आता घरच्या चुलीचा हिशोब मांडून पाहावा. एखाद्या कुटुंबात स्वयंपाक आणि आंघोळीचे पाणी मिळून रोज ५ किलो लाकूड जळते असे धरू. साल, फांद्या आणि काटक्या मिश्र असतील तर राख साधारण २ टक्के पडते. म्हणजे रोज १०० ग्रॅम आणि वर्षाला ३६ किलोच्या आसपास. तिच्यात ५ टक्के पालाश धरले तर वर्षभरात मिळाले १.८ किलो पालाश, म्हणजे जेमतेम ३ किलो म्युरेट ऑफ पोटॅशइतके. एक एकर शेताच्या दृष्टीने हे नगण्य आहे. पालाशयुक्त खतासाठी देश जवळजवळ पूर्णपणे आयातीवर अवलंबून आहे आणि चुलीची राख त्याला पर्याय ठरेल, अशी वाक्ये भाषणांत टाळ्या मिळवत असली तरी हिशोबात टिकत नाहीत. कारखान्याच्या पातळीवरची गोष्ट वेगळी. मळीपासून मद्यार्क बनवणाऱ्या आसवनींतील सांडद्रव जाळून उरलेल्या राखेपासून तयार केलेले, १४.५ टक्के पालाश असलेले खत आज अधिकृतपणे विकले जाते, पण त्याची गुणवत्ता तपासलेली असते आणि मात्रा ठरलेली असते.

शेतासाठी नगण्य असलेली हीच ३६ किलो राख एक गुंठ्याच्या परसबागेसाठी मात्र अतिरेकी ठरते. उदासीन मातीत राखेची सुरक्षित मात्रा वर्षाला चौरस मीटरमागे ५० ते ७० ग्रॅम, म्हणजे एका गुंठ्याला ५ ते ७ किलो मानावी. घरातली सगळी राख तिथेच पडली तर ही मात्रा पाच-सहा पट होते. प्रत्यक्षात तर ती गुंठाभर पसरतही नाही. सकाळी चूल सावडली की सूप भरून राख स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या दोन-चार आळ्यांत रिकामी होते, कारण ती जागा जवळ असते. कढीपत्ता, लिंबू, वालाचा वेल, मिरचीची चार झाडे: नेमकी हीच झाडे दाराशी असतात आणि वर्षानुवर्षे राखेचा मारा सहन करतात. त्यातही जिथे भांडी राखेने घासली जातात आणि परसबाग सांडपाण्यावर पोसली जाते, तिथे राख एका वाटेने नव्हे तर दोन वाटांनी मातीत जाते. धुण्याच्या साबणातील सोडियम त्यात आणखी भर घालते. हा दुहेरी हिशोब आजवर कोणत्याही पत्रकात दिसत नाही.

महाराष्ट्राच्या मोठ्या भागातील काळ्या जमिनींचा सामू ७.५ ते ८.५ च्या दरम्यान असतो. नांगराच्या तासात चुनखडीचे पांढरे खडे दिसतात. पालाशाचे प्रमाण अशा जमिनींत सर्वसाधारणपणे मध्यम ते भरपूर असते. तेव्हा राखेतून जे मिळते त्याची तिथे मोठी गरज नसते आणि जे नको आहे तेच अधिक मिळते. सामू आणखी वर सरकला की लोह, जस्त आणि मंगल ही सूक्ष्म अन्नद्रव्ये मातीत असूनही मुळांना उपलब्ध होत नाहीत. स्फुरद कॅल्शियमशी बांधले जाते. कढीपत्त्याची, लिंबाची, चवळीची कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. इथेच खरी अडचण सुरू होते. पिवळी पाने पाहून घरातील बाईला वाटते की झाडाला खत कमी पडले, आणि तिला फुकट मिळणारे, प्रशिक्षणात सांगितलेले खत म्हणजे राख. ती आणखी राख घालते. रोगाचे कारणच औषध म्हणून पाजले जाते. त्या घराच्या ताटातली भाजी कमी होते आणि 'परसबाग आमच्याकडे होत नाही' असा निष्कर्ष निघतो. पोषणासाठी परसबागेचा आग्रह धरणाऱ्या कार्यक्रमांना हे परवडणारे नाही.

अशा ठिकाणी पहिली गोष्ट म्हणजे राख थांबवणे. पिवळेपणा असल्यास ०.५ टक्के हिराकसाची फवारणी, तीही थोडे सायट्रिक आम्ल घालून, तात्पुरता दिलासा देते. टिकाऊ उपाय म्हणजे चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट भरपूर प्रमाणात देणे. चोपण किंवा क्षारयुक्त जमिनीत तर राखेचा विचारही करू नये. तिथे आधीच असलेल्या दुखण्यात ती भर घालते.

चित्राची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे, आणि राखेविरुद्ध सरसकट इशारे देणाऱ्यांनी ती विसरू नये. देशात सुमारे ४ कोटी ९० लाख हेक्टर जमीन आम्लधर्मी आहे. ईशान्येकडील राज्ये, झारखंड, ओडिशा व छत्तीसगडचे पठारी भाग, केरळ, किनारी कर्नाटक, गोवा आणि कोकण येथे जास्त पावसाने कॅल्शियम, मॅग्नेशियम झिरपून गेलेली लाल किंवा जांभी माती सापडते. सामू ५.५ च्या खाली गेला की मातीतील ॲल्युमिनियम विरघळून मुळांची टोके जाळते, स्फुरद लोह-ॲल्युमिनियमशी जखडले जाते, मॉलिब्डेनम कमी पडते आणि कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठी नीट धरत नाहीत. चवळी, घेवडा, वाटाणा, फुलकोबी, कांदा यांना हे सोसत नाही. अशा मातीला चुना हवा असतो. चुन्याची पूर्ण मात्रा लहान शेतकऱ्याला परवडत नाही म्हणून पेरणीच्या वेळी ओळीत हेक्टरी २ ते ४ क्विंटल चुना देण्याची पद्धत कृषी संशोधनाने सुचवली. गुंठ्याच्या मापात ती २ ते ४ किलो होते. राखेची ताकद चुनखडीच्या ४० टक्के धरली तर तेवढेच काम ५ ते १० किलो राख करते. म्हणजे ज्या घरात वर्षाला ३६ किलो राख निघते, ते घर आपल्या परसबागेची गरज भागवून शेजारच्या दोन-तीन गुंठ्यांतील मका किंवा भुईमूग यांच्या ओळींनाही ती पुरवू शकते. डोंगराळ भागात चुन्याची गोणी पाठीवर वाहून न्यावी लागते. तिथे घरात तयार होणारा चुना म्हणून राखेकडे पाहिले पाहिजे.

ईशान्येत ही राख मुबलकही असते. खासी आणि नागा घरांत चूल ही केवळ स्वयंपाकाची जागा नाही. घराच्या मध्यावर असलेल्या त्या अग्नीभोवती थंडीच्या रात्री कुटुंब बसते आणि तिच्यावरच्या मचाणावर मांस, मका, बियाणे धुरावर वाळते. झूम शेतीत जंगलाचा तुकडा जाळून पेरणी होते तेव्हा पहिल्या वर्षीचे पीक बरेचसे राखेच्या जोरावरच येते आणि राखेचा प्रभाव ओसरला की उत्पादन घटते, हेही तेथील शेतकरी जाणतात. त्या भागातील विस्तार कार्यकर्त्याने चुलीची राख कोरड्या डब्यात साठवायला, ओळीत द्यायला आणि मात्रा मोजायला शिकवले तर तो सल्ला कोणत्याही महागड्या निविष्ठेइतका उपयोगी ठरेल. अपवाद तिथेही आहेत. अननस आणि चहा यांना आम्लधर्मी मातीच मानवते, त्यांच्या बुडाशी राख घालू नये. बटाट्याला ती देण्याचा मोह टाळावा, कारण सामू वाढला की कंदांवरच्या खवल्यांचा रोग, म्हणजे स्कॅब, बळावतो. याउलट कोबीवर्गीय पिकांच्या मुळांवर गाठी आणणारा क्लबरूट हा रोग आम्लधर्मी मातीत जोर धरतो. तिथे राख किंवा चुना दिल्याने तो आटोक्यात यायला मदत होते. एकाच वाफ्यात यंदा बटाटा आणि पुढच्या वर्षी कोबी असेल तर राख कोबीच्या आधी द्यावी, बटाट्याच्या आधी नव्हे.

कोकणातील राबाचा उल्लेख इथे टाळता येत नाही. भात आणि नाचणीच्या रोपवाटिकेच्या जागेवर शेण, पालापाचोळा आणि तोडलेल्या फांद्या पसरून उन्हाळ्यात जाळण्याची ही रीत. तिचा रोपांना फायदा होतो हे शेतकऱ्याचे निरीक्षण खोटे नाही: जांभ्या आम्लधर्मी मातीला राख मिळते आणि उष्णतेने तणांचे बी मरते. पण त्या फायद्याची किंमत फार मोठी आहे. शेण आणि पाल्यातील नत्र व कर्ब धुरात जातात, फांद्यांसाठी झाडे ओरबाडली जातात. चूल पेटते ती अन्न शिजवण्यासाठी, राख हे तिचे उरलेले दान आहे. राब पेटतो तो राखेसाठीच. ही सीमारेषा विस्तार साहित्यात ठळकपणे आखली गेली पाहिजे, नाहीतर 'राख चांगली' या वाक्याचा आधार घेऊन धसकटे, पाचट आणि भाताचा पेंढा जाळण्याचे समर्थन होते. भाताने घेतलेल्या पालाशाचा बहुतांश भाग पेंढ्यातच असतो आणि तो जमिनीला परत मिळवण्यासाठी काडी ओढण्याची मुळीच गरज नाही. पेंढा आच्छादन म्हणून टाकला किंवा कुजवला तरी पालाश मिळते आणि सोबत कर्बही वाचतो. त्याच न्यायाने, राखेसाठी चूल टिकवावी असेही कोणी सुचवू नये. धुराने स्त्रियांच्या फुप्फुसांचे जे होते त्याची भरपाई कोणत्याही पालाशाने होत नाही.

राख म्हणजे एकच पदार्थ, ही समजूतही सोडावी लागेल. बाभळीच्या लाकडाची, तुराट्यांची, पऱ्हाटीची राख चांगली असते, कोवळ्या फांद्या आणि सालीत खोडापेक्षा खनिजे अधिक असतात. गोवऱ्यांच्या राखेत माती आणि वाळूचा अंश बराच असतो, ती दिसायला भरपूर पण ताकदीला कमी. भाताच्या तुसाची राख तर मुख्यतः सिलिका असते. रोपवाटिकेत माती भुसभुशीत करायला ती उपयोगी पडते, पण तिला लाकडाच्या राखेच्या जागी मोजू नये. दगडी कोळशाची राख आणि औष्णिक वीज केंद्रांतून निघणारी राख हे पूर्णतः वेगळे पदार्थ आहेत. चुलीच्या राखेचा सल्ला त्यांना लागू करणे चूक आहे. आणि जिथे चूल पेटवायला प्लॅस्टिकची पिशवी, रबराचा तुकडा किंवा रंगवलेल्या फळ्या वापरल्या जातात, तिथली राख भाजीपाल्याजवळ येताच कामा नये. रंग आणि लाकूड टिकवण्याच्या रसायनांतील शिसे, आर्सेनिक यांसारखे जड धातू जळून नाहीसे होत नाहीत, ते राखेत उरतात. ग्रामीण घरांत चूल पेटवण्यासाठी प्लॅस्टिकचा वापर आता सर्रास दिसतो, म्हणून 'चुलीत काय जळते' हा प्रश्न सल्ला देण्याआधी विचारायलाच हवा.

वापराच्या पद्धतीत काही बारकावे आहेत. राख पावसात भिजली की तिच्यातील पालाश सर्वांत आधी विरघळून वाहून जाते आणि मागे उरतो तो मुख्यतः चुना. म्हणून ती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात कोरडी ठेवावी, पण पूर्ण थंड झाल्यावरच, कारण आतला निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असू शकतो. लावणीच्या दोन-तीन आठवडे आधी ती मातीच्या वरच्या थरात मिसळावी. उगवत्या बियांवर किंवा कोवळ्या रोपांच्या खोडाशी ढीग करू नये. युरिया, अमोनियम सल्फेट, डीएपी किंवा ताजे शेण यांच्यासोबत राख मिसळली की नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जाते. नाकाला झोंबणारा वास आला की समजावे, खत हवेत चालले आहे. सुपर फॉस्फेटसोबत दिल्यास स्फुरदाची उपलब्धता घटते. त्यामुळे राख आणि या खतांमध्ये काही आठवड्यांचे अंतर ठेवावे. गांडूळ खताच्या बेडमध्ये तिला जागा नाही. सांगायला हे सारे दोन मिनिटांचे आहे, पण बहुतेक प्रशिक्षणांत ती दोन मिनिटे मिळत नाहीत.

किडींसाठी राख धुरळण्याच्या प्रथेबद्दल थोडे वेगळे बोलावे लागेल. काकडी, दोडका, भोपळा यांच्या कोवळ्या वेलांवर येणाऱ्या तांबड्या भुंगेऱ्यांपासून बचावासाठी सकाळी दव असताना राख उडवण्याची पद्धत देशभर आहे आणि ती निराधार नाही. राखेचा थर पानावर असेपर्यंत भुंगेरे तिथे खायला कचरतात. पण एक सर आली किंवा पाणी शिंपडले की थर जातो आणि पुन्हा धुरळणी करावी लागते. वेल चार-पाच पानांचा होईपर्यंत दोन-तीन वेळा पातळ थर देणे योग्य. संपूर्ण हंगाम दर आठवड्याला मूठमूठ राख उडवणे म्हणजे किडीच्या नावाखाली मातीत चुना घालणे. काळ्या जमिनीत धुरळणीची ही राखही वर्षाच्या मात्रेत मोजावी.

मग काळ्या जमिनीवरच्या घराने आपली राख टाकायची कुठे? या प्रश्नाचे उत्तर परंपरेतच आहे आणि ते अधिक शहाणपणाचे आहे. घरच्या वापराची तूर, मूग, मटकी, चवळी, वाल ही कडधान्ये आणि भाजीपाल्याचे बियाणे चाळलेल्या कोरड्या राखेत घोळून साठवण्याची रीत आजही अनेक घरांत आहे. बारीक राख दाण्यांमधल्या पोकळ्या भरते, भुंगेऱ्यांना हालचाल करू देत नाही आणि त्यांच्या अंगावरचे संरक्षक आवरण खरवडून त्यांना शुष्क करते. यात सामूचा प्रश्नच येत नाही. परसबागेतील कोंबड्यांना धूळस्नानासाठी खड्ड्यातील मातीत थोडी राख मिसळून दिली तर पिसांतल्या बाह्य परजीवींचा त्रास कमी होतो. ज्या घरात कोरडे शौचालय आहे तिथे तिचा उपयोग जाणकारांना माहीत आहेच. एवढे करून उरलेली राख मोठ्या शेतात पातळ पसरून द्यावी, दाराशी साचवू नये.

या सगळ्याची किल्ली सामूच्या एका आकड्यात आहे, आणि तो आकडा मिळवणे आज अवघड राहिलेले नाही. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत तपासल्या जाणाऱ्या १२ घटकांत सामू आहेच. अडचण अशी की पत्रिका शेताची निघते, परसबागेची नाही. घराभोवतीची माती शेतासारखी असेलच असे नाही. घर बांधताना बाहेरून आणलेला मुरूम, पाया खणताना वर आलेला खालचा थर, बांधकामातील चुना व सिमेंटचे अवशेष, वर्षानुवर्षे पडलेले सांडपाणी आणि राख यांनी ती बदललेली असते. कोकणातल्या जांभ्यावरच्या घराजवळही जुन्या चुन्याच्या भिंतीलगतची माती अल्कधर्मी निघू शकते. म्हणून गावात परसबागेचा कार्यक्रम हाती घेताना शेताच्या नमुन्याखेरीज दहा-बारा घरांमागचे नमुने वेगळे घेतले गेले पाहिजेत. कृषी विज्ञान केंद्रांकडे आणि अनेक कृषी सहायकांकडे खिशात मावणारा सामूमापक असतो. नसला तरी मृदा सर्वेक्षकांची जुनी युक्ती उपयोगी पडते: मातीच्या ढेकळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकायचे. माती फसफसली तर तिच्यात मुक्त चुना आहे आणि तिथे राख नको. ही चाचणी पूर्ण नाही, न फसफसणारी माती आम्लधर्मीच असेल असे त्यावरून सिद्ध होत नाही, पण नुकसान टाळण्यापुरती ती पुरेशी आहे आणि बघणाऱ्याच्या मनावर ती भाषणापेक्षा खोल ठसते. आम्ल हाताळण्याचे काम मात्र कार्यकर्त्याने स्वतःच करावे.

विस्तार साहित्यातील वाक्यही त्यानुसार बदलावे. सामू ६ च्या खाली असेल तर गुंठ्याला वर्षातून एकदा ५ ते १० किलो चाळलेली लाकडाची राख. ६ ते ७ असेल तर त्याहून कमी, तीही एका वर्षाआड. ७ च्या वर असेल तर वाफ्यात राख नाही, ती बियाण्याच्या साठवणीसाठी. एवढा मजकूर एका पोस्टकार्डावर मावतो. तो प्रत्येक राज्याच्या भाषेत सारखाच छापून चालेल, कारण ही ओळ स्वतःच मातीप्रमाणे वळते. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर गडहिंग्लजकडच्या काळ्या रानातली आणि गगनबावड्याच्या लाल रानातली परसबाग एकाच जिल्ह्यात असूनही वेगळा सल्ला मागतात. जिल्हानिहाय पत्रकसुद्धा तिथे पुरत नाही, सामू घरनिहायच पाहावा लागतो. येत्या उन्हाळ्यात परसबागेचे वाफे तयार होण्याआधी हे नमुने घेतले गेले तर खरिपातल्या लावणीपूर्वी प्रत्येक घराला आपल्या राखेचे काय करायचे ते कळलेले असेल.